व्हिडिओवर बटणं येऊन बसतात, ती का?

सामन्याचं शेवटचं षटक चालू आहे. फोन नीट धरायला जाता, अंगठा पडद्याला लागतो आणि नेमक्या त्या चेंडूला मैदान काळपट होऊन मधोमध थांबवण्याची खूण उभी राहते. स्वयंपाकघरात कुणी पिठाच्या हाताने, करंगळीचं टोक लावून मोदकाचा व्हिडिओ थांबवतं, तर उकड किती मऊ झाली आहे हे जिथे पाहायचं तिथेच तो त्रिकोण. दहावीतला मुलगा फळ्यावरचं गणित उतरवून घ्यायला व्हिडिओ थांबवतो आणि गणिताच्या शेवटच्या दोन ओळी खालच्या पट्टीआड जातात.

अशा वेळी बहुतेक जण स्वतःलाच बोल लावतात. घरातली वयस्कर माणसं तर हमखास म्हणतात, "मला नाही जमत हे, माझा हात लागतो." त्यांचं काही चुकत नाही. स्मार्टफोन ज्या पद्धतीने बनतो त्यातच या त्रासाचा एक भाग ठरून गेलेला आहे आणि तो टाळणं कठीण आहे. दुसरा भाग मात्र व्हिडिओ दाखवणाऱ्यांनी घेतलेल्या निर्णयांमुळे होतो आणि ते निर्णय बदलता येतात. कुठला भाग कुठला, हे कळलं की नुसती चिडचिड न करता काय मागायचं हेही कळतं.

चित्र आणि बटणं एकाच काचेवर

टीव्हीवर हा प्रश्न आला नाही, कारण टीव्हीची बटणं चित्रावर नव्हती. आधी ती टीव्हीच्या अंगावर होती, मग रिमोटवर आली. व्हीसीआरला स्वतःची बटणं होती. जुन्या मोबाइलमध्येही अर्धा भाग पडदा आणि अर्धा भाग कळा अशी वाटणी होती. पाहायची जागा वेगळी, दाबायची जागा वेगळी.

२००७ साली आयफोन आला आणि कळांचा भाग गेला. सगळा दर्शनी भाग पडदा झाला. तरीही खाली एक गोल बटण उरलं होतं आणि अँड्रॉइड फोनवर मागे जाण्याच्या, मुख्य पडद्यावर जाण्याच्या कळा पडद्याखाली वेगळ्या असत. २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.० पासून याही कळा पडद्याच्या आत चित्ररूपाने दाखवायची सोय झाली. २०१७ च्या आयफोन एक्सने खालचं गोल बटण काढून टाकलं. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये त्या चित्ररूप कळांच्या जागी कडेवरून बोट ओढण्याची पद्धत पक्की झाली. आज बहुतेक फोनवर आवाज कमीजास्त करणारी आणि फोन चालू-बंद करणारी कडेची बटणं सोडली, तर बाकी सगळं काचेवर आहे.

घराला एकच खिडकी आहे आणि पंख्याचे, दिव्याचे सगळे स्विच भिंतीवर न बसवता त्या खिडकीच्या काचेवरच बसवले आहेत, अशी कल्पना करा. बाहेर पाहायचं तर स्विच मध्ये येणार. स्विच लपवून ठेवावेत, तर हवे तेव्हा ते आधी बाहेर काढावे लागणार. फोनवरचा व्हिडिओ हा असा प्रकार आहे. थांबवणं, पुढे-मागे करणं, आवाज, भाषा, दर्जा या सगळ्यासाठीच्या बटणांना मिळून 'कंट्रोल्स' म्हणतात. आपण बटणंच म्हणू.

माऊसला जमतं ते बोटाला जमत नाही

कॉम्प्युटरवर हाच व्हिडिओ पाहताना एवढा वैताग येत नाही. पडदा मोठा असतो हे एक कारण झालं, पण त्याहून महत्त्वाचं कारण माऊस आहे.

माऊस नुसता हलवला की पडद्यावर बाण सरकतो, अजून काहीही दाबलेलं नसतं. कॉम्प्युटरला तेवढ्यावरून अंदाज येतो की या माणसाला बहुधा काहीतरी करायचं आहे. तो बटणं दाखवतो. तुम्ही ती बघता, हवं ते निवडता, मग क्लिक करता. इशारा वेगळा आणि दाबणं वेगळं.

बोटाला असा इशारा देता येत नाही. काचेपासून थोडं वर धरलेलं बोट फोनच्या लेखी नसल्यातच जमा असतं. काचेला टेकलं की ते थेट दाबलं गेलं. म्हणून फोनवर पहिला स्पर्श 'बटणं दाखव' या कामासाठी राखून ठेवावा लागतो आणि दुसऱ्या स्पर्शाने खरं काम करावं लागतं. तुम्हाला फक्त व्हिडिओ थांबवायचा असतो, तरी आधी सगळा पसारा समोर मांडला जातो. अंगठा चुकून लागला की तोच पसारा न मागता येतो, कारण चुकून लागलेलं बोट आणि मुद्दाम लावलेलं बोट काचेला एकसारखंच लागतं.

यावर उपाय म्हणून बनवणाऱ्यांनी एकाच स्पर्शाला अनेक अर्थ दिले. एकदा टेकवलं की बटणं दिसतात. यूट्यूबच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये २०१७ पासून कडेला दोनदा टेकवलं की व्हिडिओ १० सेकंद पुढे किंवा मागे जातो. दाबून धरलं की दुप्पट वेगाने चालतो. वर ओढलं, खाली ओढलं, दोन बोटांनी ताणलं की आणखी काही. सवय असलेल्याला हे सोयीचं आहे यात शंका नाही. पण प्रत्येक नव्या अर्थाबरोबर चुकीची एक नवी शक्यताही येते. झोपून पाहताना फोन हातातून निसटत असतो, म्हणून आपण तो घट्ट धरतो आणि व्हिडिओतल्या बाई एकदम भराभर बोलू लागतात. ज्याला दाबून धरण्याचा अर्थ माहीत नाही, त्याला वाटतं फोन बिघडला.

शिवाय फोनला थोडं थांबावंही लागतं. तुम्ही एकदा टेकवलंत, की दोनदा टेकवणार आहात, हे पहिल्या स्पर्शाला कळायचा मार्ग नसतो. अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या स्पर्शाची वाट पाहायची मुदत ३०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित कमी आहे. एकदा टेकवल्यावर बटणं जरा उशिरा येतात असं काही अ‍ॅपमध्ये जाणवतं, त्याचं एक कारण ही मुदत असू शकतं. आपण अधीर होऊन पुन्हा टेकवतो आणि मग व्हिडिओ १० सेकंद पुढे उडी मारतो.

बटणं इतकी जागा का खातात?

इथे थोडा हिशोब करून बघण्यासारखा आहे.

साडेसहा इंची फोन घ्या. आजच्या अनेक फोनचा पडदा २०:९ या प्रमाणात असतो, म्हणजे उंची २० भाग तर रुंदी ९ भाग. असा फोन उभा धरला तर पडद्याची रुंदी पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास भरते. व्हिडिओ सहसा १६:९ असतो, म्हणजे रुंदी १६ भाग तर उंची ९ भाग. तो या रुंदीत बसवला की त्याची उंची जेमतेम ३.८ सेंटिमीटर होते. अख्ख्या पडद्याचा हा चौथा हिस्सा.

आता बटणं. माणसाच्या बोटाचं टोक काही फोनच्या आकारानुसार बदलत नाही. म्हणून गूगल अँड्रॉइड अ‍ॅप बनवणाऱ्यांना सांगतं, की स्पर्श करायची जागा साधारण ९ मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नका. अ‍ॅपलचाही याच्या जवळपास जाणारा आग्रह आहे. हा आग्रह योग्यच आहे. बटण त्याहून लहान केलं तर शेजारचंच दाबलं जातं आणि ज्यांची बोटं थरथरतात त्यांचे तर हालच होतात.

पण बटणांच्या ओळी तीन असतात. वर बंद करणं, टीव्हीवर पाठवणं, सेटिंग. मध्ये मागचा व्हिडिओ, थांबवा, पुढचा. खाली वेळ, पुढे-मागे करायची पट्टी, पूर्ण पडदा. तीन ओळी गुणिले ८ ते ९ मिलिमीटर म्हणजे २४ ते २७ मिलिमीटर. व्हिडिओची उंची ३८ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश उंचीवर कुठल्या ना कुठल्या बटणाचा हक्क आहे.

प्रत्यक्षात एवढं झाकलेलं डोळ्यांना दिसत नाही, कारण दिसणारी खूण लहान असते आणि तिच्याभोवतीची स्पर्शाची जागा अदृश्य असते. पण बोटाला ती जागा लागतेच. बटणं घालवण्यासाठी आपण 'मोकळी' जागा बघून टेकवतो आणि तरीही काहीतरी भलतंच होतं, ते या अदृश्य चौकटींमुळे.

फोन आडवा केला की हिशोब पालटतो. व्हिडिओची उंची पावणेसात सेंटिमीटर होते, बटणं तेवढीच राहतात आणि चित्राला श्वास घ्यायला जागा मिळते. आणखी एक गोष्ट होते, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. २०:९ पडद्यावर १६:९ व्हिडिओ आडवा लावला की डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या उरतात. आपल्या साडेसहा इंची फोनवर प्रत्येक पट्टी दीड सेंटिमीटर रुंद भरते. बटणाला लागतात ९ मिलिमीटर. म्हणजे बटणांची एक उभी रांग चित्राला हातही न लावता या काळ्या पट्टीत मावते.

मग ती तिथे का लावत नाहीत? याला खरी कारणं आहेत. फोन आडवा धरला की दोन्ही अंगठे तिथेच टेकलेले असतात, त्यामुळे बटणं सारखी चुकून दाबली जातील. एका बाजूला कॅमेऱ्याचं भोक असतं. कडेवरून बोट ओढलं की अँड्रॉइड त्याचा अर्थ 'मागे जा' असा घेतो. प्रत्येक फोनची पट्टी वेगळ्या मापाची असते, हे आणखी वेगळं. ही कारणं मला मान्य आहेत, पण पुरेशी वाटत नाहीत. दाबायचं बटण तिथे नको असेल तर उरलेला वेळ, व्हिडिओचं नाव, बॅटरी अशी नुसती वाचायची माहिती तरी तिथे नेता येते. ती चित्राच्या डोक्यावर ठेवण्याचं कारण उरत नाही.

चित्र काळपट का होतं?

बटणं पांढरी असतात. व्हिडिओत काय असेल याचा नेम नसतो. आकाश असेल, कसोटी सामन्यातले पांढरे कपडे असतील, पंढरीच्या वाटेवरच्या टोप्या असतील. पांढऱ्यावर पांढरं दिसणार नाही, म्हणून बटणांच्या मागे आणि चित्राच्या पुढे एक पातळ काळा थर पसरतात. बनवणारे त्याला 'स्क्रिम' म्हणतात. बटणांच्या खुणा मागच्या रंगापासून निदान ३:१ इतक्या उठून दिसाव्यात असं वेबसाठीचे सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात आणि कमी दिसणाऱ्या माणसासाठी ते आवश्यक आहे.

पण थर अख्ख्या चित्रावर पसरायलाच हवा असं त्या निकषांत नाही. नुसत्या बटणाभोवती गडद गोल ठेवला, किंवा वर-खाली कडेकडेनेच काळोख उतरवला, तरी काम होतं. काही प्लेअर, म्हणजे व्हिडिओ चालवणारे प्रोग्रॅम, तसं करतातही. यूट्यूबने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या बटणांचं रूप बदललं, तेव्हा ती चित्र कमी झाकतील असंच कारण दिलं होतं. म्हणजे पूर्ण चित्र काळवंडणं हा सोपा मार्ग आहे, एकमेव मार्ग नव्हे.

तीन सेकंद कुणी ठरवले?

बटणं आली की थोड्या वेळाने आपोआप जातात. हा वेळ प्रत्येक वेळी कुणी विचारपूर्वक ठरवलेला असतोच असं नाही. व्हिडिओ अ‍ॅप बनवणारे सहसा तयार साचा घेतात आणि त्यात आधीच भरलेला आकडा तसाच राहून जातो. अँड्रॉइडच्या जुन्या साच्यात तो ३ सेकंद होता. गूगलच्याच पुढच्या 'एक्सोप्लेअर' या साच्यात ५ सेकंद आहे. वेबसाइटसाठी खूप वापरला जाणारा 'व्हिडिओ जेएस' २ सेकंद धरतो.

सामना पाहणाऱ्याला ५ सेकंद म्हणजे अख्खा चेंडू गेला. त्याच वेळी सत्तरीतल्या आजीला २ सेकंदांत चष्मा सावरून, खूण ओळखून, बोट नेमकं टेकवणं शक्य नसतं. ती बोट टेकवायला जाते तोवर बटणं गेलेली असतात, टेकलेल्या बोटाने ती पुन्हा येतात, ती पुन्हा पोहोचेपर्यंत पुन्हा जातात. दोघांच्याही अडचणीचं मूळ एकच आहे. एक आकडा सगळ्यांना लावलेला आहे.

यावर एक चांगली सोय आहे, ती फार कमी लोकांना ठाऊक असते. अँड्रॉइड १० पासून सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात असा पर्याय दिला आहे, की आपोआप नाहीशा होणाऱ्या गोष्टी १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट किंवा २ मिनिटं थांबाव्यात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर हा बदल करून द्यायला काहीच कष्ट नाहीत. अडचण एवढीच, की अ‍ॅप बनवणाऱ्याने फोनला हा आकडा विचारायला हवा. तो विचारण्याची सोय अँड्रॉइडने दिलेली आहे, तरी सगळी अ‍ॅप विचारत नाहीत. उलट बाजूने, म्हणजे बटणं लवकर जावीत म्हणून मात्र फोनच्या पातळीवर अशी सोय नाही.

थांबवलं तरी बटणं जात नाहीत, हे मात्र चूक आहे

आतापर्यंतच्या गोष्टींत बनवणाऱ्यांची थोडीफार बाजू घेता येते. इथे घेता येत नाही.

माणूस व्हिडिओ थांबवतो तो कशासाठी? कधी दाराची बेल वाजली म्हणून, हे खरं. पण फार वेळा तो नीट पाहण्यासाठीच थांबवतो. फळ्यावरचं गणित, पाककृतीतलं साहित्य, सातबाराचा नमुना, विणकामातला टाका, धावफलक. नेमक्या या क्षणी चित्र सगळ्यात स्वच्छ दिसायला हवं. अनेक प्लेअर मात्र 'थांबवलं आहे म्हणजे आता पुन्हा सुरू करायचं बटण लागेल' एवढाच विचार करतात आणि बटणं समोर धरून ठेवतात. काही ठिकाणी तर थांबवल्याबरोबर इतर व्हिडिओंची चित्रं किंवा जाहिरात पुढे येते. शिकण्यासाठी फोनवरच अवलंबून असलेल्या मुलांच्या वाटेतला हा अडथळा आहे आणि तो दूर करायला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही.

व्हिडिओच्या शेवटी येणाऱ्या चौकटीही याच जातीच्या. यूट्यूबवर व्हिडिओ बनवणाऱ्याला शेवटच्या ५ ते २० सेकंदांत दुसऱ्या व्हिडिओंच्या, सबस्क्राइबच्या चौकटी लावता येतात. गाण्याची शेवटची ओळ, कीर्तनाचा शेवट, प्रयोगाचा निकाल यांवरच त्या येतात. पूर्वी तर व्हिडिओभर कुठेही रंगीत पाट्या चिकटवायची सोय होती. लोकांना ती नकोशी झाली, फोनवर तर तिचा उपयोगच नव्हता आणि २०१९ च्या जानेवारीत जुन्या पाट्यासुद्धा दिसायच्या बंद झाल्या. शेवटच्या चौकटी लपवायचं बटण २०२५ मध्ये आलं. प्रेक्षकांनी सतत बोलत राहिलं की काही गोष्टी हलतात, याचं हे उदाहरण आहे. वेळ फार लागतो, हेही खरं.

एका चित्रावर चौघांचा हक्क

आपल्याला सगळी बटणं एकसारखी वाटतात, पण ती वेगवेगळ्या मालकांची असतात. म्हणूनच एका ठिकाणी सेटिंग बदललं तरी त्रास पूर्ण जात नाही.

सगळ्यात वर फोन स्वतः. वेळ, बॅटरी, येणारा फोन, मेसेजची पट्टी ही त्याची. चित्रपट पाहताना ही पट्टी लपवता यावी म्हणून २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये खास सोय आली. पूर्ण पडद्यावर व्हिडिओ असताना मागे जायला बोट दोनदा ओढावं लागतं, ते तिच्यामुळे. पहिल्या ओढीने लपलेली पट्टी दिसते, दुसरीने काम होतं. चुकून बाहेर पडू नये म्हणून ही व्यवस्था आहे आणि ती चांगली आहे.

त्याखाली ब्राउझर, म्हणजे क्रोम किंवा सफारी. वेबसाइटवरचा व्हिडिओ पूर्ण पडद्यावर नेला की 'बाहेर पडण्यासाठी असं करा' अशी सूचना काही क्षण झळकते. ती कायमची बंद करू द्या अशी मागणी बरेच जण करतात. ती मान्य होऊ नये असं मला वाटतं. ही सूचना नसती तर एखादी फसवी वेबसाइट गुपचूप पूर्ण पडदा ताब्यात घेऊन तुमच्या बँकेच्या पानाचं हुबेहूब चित्र दाखवू शकली असती, वरच्या खोट्या पत्त्यासकट. तुम्ही पासवर्ड टाकला असता. पूर्ण पडदा सुरू झाला आहे हे वापरणाऱ्याला कळलंच पाहिजे, म्हणून ती पाटी आहे. दोन-तीन सेकंदांचा हा त्रास सोसण्यासारखा आहे.

तिसरा हक्क प्लेअरचा, म्हणजे व्हिडिओ प्रत्यक्ष चालवणाऱ्या भागाचा. थांबवा, पुढे न्या, आवाज ही त्याची बटणं. आयफोनवर २०१६ पर्यंत वेबसाइटवरचा व्हिडिओ आपोआप अ‍ॅपलच्याच प्लेअरमध्ये उघडायचा, त्यामुळे सगळीकडे बटणं सारखी असत. आयफोनच्या आयओएस १० या प्रणालीपासून व्हिडिओ पानातल्या पानात चालू लागला आणि प्रत्येक वेबसाइट आपापली बटणं लावू लागली. आज एका बातमीच्या साइटवर आवाज डावीकडे तर दुसरीवर उजवीकडे असतो, ते त्यामुळे.

चौथा हक्क व्हिडिओ पुरवणाऱ्या कंपनीचा. लाइक, शेअर, कमेंट, 'पुढे हे पाहा', जाहिरात. पहिल्या तिघांची बटणं तुम्हाला काहीतरी करता यावं म्हणून असतात. या चौथ्याची बटणं बऱ्याचदा तुम्ही काहीतरी करावं म्हणून असतात.

हे सगळ्यात ठळक दिसतं उभ्या, छोट्या व्हिडिओंमध्ये. २०२० च्या जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्राम रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स इथे सुरू झाले. या प्रकारात बटणं आपोआप जात नाहीत. उजवीकडे हृदय, कमेंट, शेअरची रांग, खाली नाव आणि मजकूर, सतत. मराठीत सबटायटल लिहून व्हिडिओ करणाऱ्यांना म्हणून आपली अक्षरं पडद्याच्या मध्यावर आणावी लागतात, मग ती बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंवा दाखवायच्या वस्तूवर येतात.

'फुकट पाहता, मग तक्रार कसली?'

हा आक्षेप वरचेवर येतो. जाहिरातींपुरता तो एका मर्यादेपर्यंत रास्त आहे. व्हिडिओ साठवायला, पोहोचवायला खर्च येतो आणि तो जाहिरातींतून निघतो. पण पैसे भरून सदस्य झालेल्यांचीही जाहिरात जाते, मधोमध येणारी बटणं जात नाहीत. तेव्हा हा प्रश्न फक्त फुकटेपणाचा नाही.

शिवाय भारतात याबाबत नियमही आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. वापरणाऱ्याला फसवून किंवा गोंधळात टाकून नको ते करायला लावणारी मांडणी म्हणजे डार्क पॅटर्न. त्यात १३ प्रकार नोंदवले आहेत. हवी ती खूण अंधुक करून नको ती ठळक करणं, जाहिरात लपवून पेरणं, पुन्हा पुन्हा टोचणी लावणं हे त्यांतले काही. साधी थांबवायची खूण मधोमध आली म्हणून या तत्त्वांचा भंग होत नाही, हे स्पष्ट असावं. पण व्हिडिओवर आलेल्या जाहिरातीची बंद करायची फुली दिसू नये इतकी बारीक असेल, किंवा फुली दाबल्यावर जाहिरातच उघडत असेल, तर तो नुसता वैताग राहत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर त्याची तक्रार करता येते.

'मग बटणं काढूनच टाका ना'

हेही बोललं जातं, विशेषतः तरुणांकडून. सगळं बोट ओढण्यावर आणा, बटण एकही नको. व्हीएलसी आणि एमएक्स प्लेअर या व्हिडिओ अ‍ॅपवर वाढलेल्या पिढीला हे सहज वाटतं. डाव्या बाजूला बोट वर-खाली नेलं की उजेड, उजव्या बाजूला आवाज, आडवं नेलं की व्हिडिओ पुढे-मागे.

पण न दिसणारी गोष्ट आधी कुणीतरी शिकवावी लागते. ज्यांच्या हातात थेट स्मार्टफोनच पहिल्यांदा आला, कॉम्प्युटर आलाच नाही, अशी माणसं आपल्याकडे फार आहेत. त्यांना त्रिकोण आणि दोन उभ्या रेघा कळतात, कारण त्या टेपरेकॉर्डरपासून डोळ्यांपुढे आहेत. त्या काढल्या तर त्यांचा आधारच जातो. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसं फोन वाचून दाखवणारी सोय वापरतात आणि तिलाही वाचायला बटण लागतं. बटणं राहिली पाहिजेत. ती कधी यावीत आणि किती वेळ थांबावीत, हे पाहणाऱ्याला ठरवता आलं पाहिजे.

आजच्या आज काय करता येईल?

व्हिडिओ थांबवल्यावर चित्राच्या मोकळ्या भागावर एकदा हलकं टेकवून बघा. यूट्यूबच्या अ‍ॅपसह अनेक प्लेअरमध्ये तेवढ्याने बटणं जातात आणि व्हिडिओ थांबलेलाच राहतो. मोकळा भाग म्हणजे मधल्या खुणेपासून लांब आणि खालच्या पट्टीच्या बराच वर. विद्यार्थ्यांनी हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ काम होतं.

लहान मुलाच्या हातात फोन द्यायचा असेल, किंवा झोपून पाहायची सवय असेल, तर कुलूप लावा. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये २०२३ पासून दातेरी चाकाच्या सेटिंगखाली पडदा लॉक करायचा पर्याय आहे. व्हीएलसीतही कुलपाची सोय आहे. आयफोनवर याहून पक्की व्यवस्था मिळते. अ‍ॅक्सेसिबिलिटीमधलं 'गाइडेड अ‍ॅक्सेस' चालू करून कडेचं बटण तीनदा दाबलं, की पर्यायांत स्पर्शच बंद करता येतो. मग काचेवर कितीही हात फिरवा, चित्र हलत नाही. अँड्रॉइडवरचं अ‍ॅप पिन करणं याच्यासारखं नाही. त्याने मूल अ‍ॅपबाहेर पडत नाही, पण बटणं दाबली जातातच.

ब्लूटूथ इअरफोनला थांबवा-चालू करायची सोय असेल तर ती वापरा. स्वयंपाक करताना, काहीतरी लिहून घेताना तिचा फार उपयोग होतो, कारण काचेला बोट लावावंच लागत नाही. मोठं व्याख्यान किंवा चित्रपट टीव्हीवर पाठवला तर बटणं फोनवर राहतात आणि चित्र टीव्हीवर स्वच्छ दिसतं. आणि पाहण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं, की निदान मेसेजच्या पट्ट्या तरी मध्ये येत नाहीत.

सबटायटल वाचणाऱ्यांचं काय?

ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी खालच्या ओळी म्हणजेच बोलणं. बटणं आली की पुढे-मागे करायची पट्टी नेमकी त्या ओळींवर बसते. चांगले प्लेअर अशा वेळी ओळी वर सरकवतात, बरेच सरकवत नाहीत. देवनागरीत हा त्रास जास्त होतो. आपल्या अक्षरांना डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार असतात आणि पायाशी उकार असतात, त्यामुळे दोन ओळींना इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. पट्टीने खालचे उकार झाकले तरी 'कल' होता की 'कुल', हे कळत नाही. पडदा भरून दिसावा म्हणून दोन बोटांनी चित्र ताणलं, तर १६:९ व्हिडिओची एक पंचमांश उंची कापली जाते, आणि चित्रातच छापलेल्या ओळी असतील तर त्या अर्ध्या जातात.

अ‍ॅपमधल्या 'फीडबॅक'मध्ये हे कळवण्यासारखं आहे. कळवताना 'बटणं मध्ये येतात' एवढंच लिहिलं तर दुरुस्त करणाऱ्याला काही हाती लागत नाही. फोन कुठला, तो उभा होता की आडवा, व्हिडिओ चालू होता की थांबलेला, सबटायटल मराठी होती का आणि नेमकं काय झाकलं गेलं, हे लिहा. सोबत त्या क्षणाचा स्क्रीनशॉट जोडा.